सांत्वनाचा कागद

आमच्या गावात ज्या घरी मयत झाली असेल त्या घरी लोक 'बसाले' जात. वाटेत कोणी विचारलं, कुठं चालली वो, तर बाई सांगायची, अमक्याच्या घरी बसाले. एवढंच. जाऊन काय करणार, काय बोलणार, हे कोणी विचारत नसे. सांत्वन करायला कोणी कुठे गेल्याचं मी चौदा वर्षांची होईपर्यंत ऐकलं नव्हतं. तो शब्द मी पहिल्यांदा पाहिला तो टाइप केलेल्या एका कागदावर, आमच्याच ओसरीत, बा गेल्यानंतर नवव्या दिवशी.

आमचं घर सालेकशाच्या अलीकडच्या एका गावात, रेल्वेलाइनपासून धानाच्या दोन बांध्या सोडून. मालगाडी गेली की भिंतीला टांगलेल्या गंजातली पळी टिकटिक वाजायची आणि त्या आवाजाशिवाय आम्हाला झोप लागायची नाही. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे सांदवाडी. सांदवाडीत मायने अंबाडी, वांगी आणि पोपटाचा वेल लावला होता. थंडीत पोपटाच्या शेंगा आल्या की रोज त्यांचीच भाजी, आणि आम्ही भावंडं तोंड वाकडं केलं की माय म्हणायची, गोंदियाच्या हॉटेलात जाऊन खा. लाखोरीच्या डाळीचे वडे सणाला. एरवी भात, सकाळी पेज, आणि उन्हाळ्यात अंबाडीचं आंबट सार. मी मोठी, माझ्यामागे एक बहीण आणि एक भाऊ. बा सायकलने राइस मिलमध्ये जायचा, तासाभराची वाट. तिथे तो उसन्या तांदळाच्या बॉयलरवर होता. भट्टीत धानाचा कोंडा टाकायचा, वाफ किती झाली ते पाहायचं, वाफेची कळ सोडायची आणि बंद करायची. त्या कळीला सगळे 'वाल' म्हणत. उसन्याचं धान भिजवून उकडतात, त्याचा एक आंबूस वास असतो. बा घरी आला की तो वास आधी ओसरीत यायचा आणि मागून बा. अंगाला कितीही साबण लावला तरी तो जायचा नाही. मला तो वास फार आवडायचा हे मी त्या वयात कोणाला सांगितलं नसतं.

बा बोलायला कमी. पण एका बाबतीत तो ठाम होता. आमच्या आजाने धम्म घेतला तेव्हा बा लहान होता, आणि आजाने त्याच्याकडून दारूला हात लावणार नाही असं वदवून घेतलं होतं. मिलमध्ये भट्टीसमोर उभं राहणारे बरेच जण पीत. अंगातली आग मरते म्हणत. मोहाची दारू आमच्याकडे मागायला जावी लागत नाही, ती चालत दारात येते. बा पीत नसे. पाळी संपली की मिलच्या बाहेर सगळे बसत, बा सायकल काढी. त्याला 'भंतेजी' म्हणून चिडवत. तो हसायचा. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना शेवटचं, दारू न पिण्याचं शील तो जरा मोठ्याने म्हणायचा, आणि माय मला कोपराने ढोसायची.

ती सकाळ साधीच होती. आम्ही शाळेत होतो. दुसरा तास चालू असताना आमच्या शेजारचा सुकलाल वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. सुकलाल बाच्या पाळीतच काम करायचा, धान उकडायच्या कोठीवर. त्याच्या एका हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं आणि तो माझ्याकडे न बघता गुरुजींकडे बघत होता. वाफेचा नळ फुटला होता. बा नळासमोर होता. गोंदियाला नेईपर्यंत तो गेला. पुढे मी सरकारी दवाखान्यात नर्स झाले, भाजलेली माणसं हाताळली, त्यांच्या नातेवाइकांना बाहेर जाऊन सांगायचं काम कित्येकदा माझ्याच वाट्याला आलं. पण बाला मी शेवटचं पाहिलं त्याबद्दल आजही लिहू शकत नाही, आणि लिहिणारही नाही.

लोक बसायला येऊ लागले. आमच्याकडे बसायला येण्याची एक रीत होती, ती कोणी शिकवत नसे. येणारीने दारातून काही विचारायचं नाही. गेलेल्याचं नाव आपण आधी काढायचं नाही. चूल पेटलेली नसते म्हणून कोणी भात आणायचा, कोणी वरण. मग भिंतीला टेकून बसायचं. बोलणं निघालं तर पऱ्ह्याचं म्हणजे धानाच्या रोपांचं, गुरांचं, कोणाच्या बांधीत किती पाणी आहे याचं. घरच्या बाईला वाटलं तर ती बोलेल. नाही वाटलं तर नाही. सुकलालची बायको मंगरी रोज यायची. ती गोंड घरातली, आमच्यात आणि त्यांच्यात एक कुंपण तेवढं. दिवसभर रोवणी करून, पायाचा चिखल आमच्याच दारात धुऊन, ती मायशेजारी बसायची आणि तासभराने उठून जायची. नऊ दिवसांत ती मायशी दहा वाक्यं बोलली असेल तर शपथ.

नवव्या दिवशी मिलचे मुनीमजी आले. जीपने. सोबत तांदळाचं एक पोतं, धाकट्या दोघांना बिस्किटांचे पुडे. मुनीमजी वाईट माणूस दिसत नव्हते. पांढरा पायजमा, जाड चष्मा, हळू आवाज. त्यांनी जोडे दाराबाहेर काढले, बाच्या फोटोला हात जोडले आणि डोळे पुसले. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत ते बराच वेळ बोलत राहिले. सेठजींना दोन दिवस जेवण गेलं नाही, बा म्हणजे मिलचा हात होता, मिल या घराला विसरणार नाही, मायला मिलच्या अंगणात धान पसरायचं काम कायमचं मिळेल, मुलांची पुस्तकं मिलकडून. मायच्या चेहऱ्यावर ताण होता तो त्या बोलण्याने थोडा सैल होताना मला दिसला. नऊ दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी पुढच्या महिन्याबद्दल बोलत होतं. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि शाईचा डबा उघडून मायसमोर ठेवला.

मायने अंगठा पुढे केलाही होता. मग काय वाटलं कोण जाणे, तो मागे घेतला.

"थांबा. माही पोट्टी वाचते."

मुनीमजी हसले. म्हणाले, वाचू दे, चांगलं आहे. मी ओसरीच्या उजेडात कागद घेऊन वाचायला लागले. सगळ्यात वर होतं, 'सांत्वनपर मदत स्वीकारल्याबाबत'. मी पहिल्याच शब्दावर अडखळले. मायने विचारलं, हे काय होय. मला माहीत नव्हतं. मुनीमजींनीच सांगितलं, मतलब तसल्ली, दिलासा. माय बरं म्हणाली आणि मी पुढे वाचत गेले. सरकारी मराठी होती, वाक्यं लांब होती, आणि चौथ्या ओळीत आलं की सदर मयत इसम हा घटनेच्या वेळी मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत असून त्याच्याच चुकीने वाफेची झडप उघडली गेली व त्याबाबत आमची कोणतीही तक्रार नाही. मद्यप्राशन हा शब्द मला पाठ्यपुस्तकातून माहीत होता. मी थांबले. माय म्हणाली, काय झालं, वाच. मी तिला आमच्या बोलीत सांगितलं की यात लिवलं आहे बा पिऊन होता.

मायने डबा बंद केला. रागाने नाही, जसं पिठाच्या डब्याचं झाकण लावतात तसं.

"तो पीत नवता," ती म्हणाली.

मुनीमजींनी समजावलं. सगळ्यांना माहीत आहे तो पीत नव्हता, हा फक्त कागद आहे, ऑफिसला असं लिहावं लागतं, नाहीतर चौकशी होते, मिल बंद पडते, साठ घरांची चूल विझते. हा कागद कोण वाचणार आहे? फाइलमध्ये जाईल. त्यांच्या आवाजात जरासुद्धा धमकी नव्हती. उलट इतकी माया होती की मलाच वाटायला लागलं आपण उगीच वाचलं. मायने एवढंच सांगितलं की पोट्टी शाळेत विचारून येईल, मग पाहू. मुनीमजी म्हणाले, गुरुवारी बाजाराच्या दिवशी येतो. कागद आणि तांदळाचं पोतं ते ठेवून गेले. मायने ते उघडलं नाही. त्या गुरुवारपर्यंत आम्ही शेजाऱ्यांच्या भातावर राहिलो आणि ते पोतं ओसरीत पाहुण्यासारखं बसून होतं.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन पटले गुरुजींकडे गेले. ते आम्हाला मराठी शिकवत. घरी पोवारी बोलत, वर्गात अगदी शुद्ध, आणि आमच्यापैकी कोणी 'जाऊन रायलो' म्हटलं की हसत नसत, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मी विचारलं, गुरुजी, सांत्वन म्हणजे काय, मुनीमजी तर दिलासा म्हणाले? मला खरं तर विचारायचं होतं की आता काय करायचं. पण तोंडातून हे आलं. त्यांनी मला खुळ्यात काढलं नाही. उठून कपाटातून पुठ्ठा निसटलेला कोश काढला, आणि मग त्यांना जे स्वतःला ठाऊक होतं ते त्यात मिसळून सांगू लागले.

ते म्हणाले, मुनीमजींनी दोन शब्द एकच म्हणून सांगितले, पण ते एका घरचे नाहीत. दिलासा फारसीतून आला. दिल म्हणजे मन, आसा म्हणजे विसावा. मनाला विसावा मिळणं. धीर हा संस्कृत, धृ म्हणजे धरणं, त्यातून आला असं सांगतात. ज्याला धीर देतो त्याला आपण धरून ठेवतो, पडू देत नाही. आणि सांत्वन. इथे ते थांबले, बोट कोशात ठेवून. सान्त्व् असा एक जुना धातू आहे, म्हणाले, आणि जुन्या पंडितांनी त्याचा अर्थ दिला आहे सामप्रयोग. साम, दाम, दंड, भेद ऐकलं आहे ना? त्यातलं पहिलं. समोरच्याला गोड बोलून आपल्या बाजूला वळवणं. राजे लोक शत्रूचंही सांत्वन करत.

मी विचारलं, म्हणजे हा वाईट शब्द आहे?

"शब्द वाईट नसतो," गुरुजी म्हणाले. "लहान लेकराला गोड बोलून गप्प करतो तेही सामच. फक्त गप्प कोणाच्या सोयीसाठी करून राहिलो, ते पाहावं."

तेव्हा मी पहिल्यांदा गुरुजींच्या तोंडून 'करून राहिलो' ऐकलं.

मग ते कागदाकडे वळले. म्हणाले, अंगठा लावू नका. गोंदियाला कामगारांच्या ऑफिसात अर्ज द्या, अर्ज मी लिहून देतो. पण मी तिथे नव्हतो. ऑफिस विचारेल, पीत नव्हता हे कोण सांगतो? झडप कशी होती हे कोण सांगतो? तिथे कोण होतं?

तिथे सुकलाल होता.

आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा तो जाळं विणत बसला होता. हाताची कातडी अजून गुलाबी होती. मायने त्याला सरळ विचारलं. विणता विणता, खाली बघतच त्याने सांगितलं ते असं. वाल गंजून अर्धाच उघडत होता. बाने मुनीमजींना दोनदा सांगितलं होतं, एकदा सुकलालसमोर. सीझन संपू दे, मग बदलू, असं उत्तर मिळालं होतं. आणि बा त्या दिवशी फक्त पेज पिऊन आला होता.

"हेच तिथं सांगशील का?" मायने विचारलं.

"वयनी, मले चार लेकरं आहेत."

मायने दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला त्याचा फार राग आला. घरी येताना मी म्हटलं की तो भेकड आहे. माय म्हणाली, त्याचा हात पाहिला का तू? नळ फुटल्यावर बाले वाफेत हात घालून त्यानंच ओढलं. तो भेकड नाई. त्याले भूक ठाऊक आहे. पुढे दवाखान्यात खरं बोलायला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि दर वेळी मायचं हे वाक्य आठवून मी तोंड आवरलं. त्या दिवशी मात्र मला ते पटलं नव्हतं. कुंपणापलीकडे मंगरी भांडी घासत होती. तिने आमचं सगळं बोलणं ऐकलं असणार. त्या दिवशी ती बसायला आली नाही.

गुरुवारी मुनीमजी आले तेव्हा ओसरीत पाच-सहा बाया बसलेल्या होत्या. पुरुष बाहेर लिंबाखाली. मायने रात्रीच ठरवलं होतं काय बोलायचं ते, आणि तिने ते एका दमात बोलून टाकलं. तांदूळ घेऊन जा. मदत द्यायची असेल तर द्या, पण ती ओळ काढा. ओळ असेल तर अंगठा नाही. मुनीमजींनी पुन्हा तोच हळू आवाज लावला. यावेळी मला त्याच्या खालचं दिसत होतं. त्यांनी मायला बहीण म्हटलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, या मुलीचं लग्न मिल करेल. एक म्हातारी हळूच मायला म्हणाली की लावून टाक वो, गेलेला माणूस काही कागद वाचायला येत नाही.

"लेकरं वाचतील," माय म्हणाली.

मुनीमजींचा आवाज तेव्हा पहिल्यांदा थोडा बदलला. ते म्हणाले, ठीक आहे, पण मिलमधला एकही माणूस सांगणार नाही की तो पीत नव्हता. कोण सांगेल?

मंगरी मागच्या बाजूने आली होती, दारातच उभी होती. तिने पदर कमरेला खोचला.

"माहा मानूस सांगते," ती म्हणाली.

सगळ्यांनी लिंबाकडे पाहिलं. सुकलाल तिथे उभा होता. नवरा-बायकोत घरी काय बोलणं झालं होतं ते मला कधीच कळलं नाही. मंगरीने पुढे कितीतरी वर्षांनीही सांगितलं नाही. मी विचारलं की ती म्हणायची, काही नाही, भात वाढला आणि समोर बसली. सुकलाल ओसरीच्या पायरीपर्यंत आला आणि तिथूनच मुनीमजींना म्हणाला की वाल खराब होता, तुम्हाला सांगितलं होतं, मी होतो. मुनीमजींनी चष्मा काढला, पुसला, जोडे घातले. जाताना त्यांनी पोतं नेलं नाही, तेव्हा मायने दोन पुरुषांना ते उचलून जीपमध्ये टाकायला लावलं.

त्यानंतरचं सगळं चालण्याचं आणि वाट पाहण्याचं आहे. सकाळची पॅसेंजर, गोंदियाचं ऑफिस, साहेब दौऱ्यावर, परत या. रोवणी झाली, कापणी झाली. सुकलालला त्या गुरुवारनंतर मिलने पाळीवर घेतलं नाही. तो आणि मंगरी दुसऱ्यांच्या बांधीत राबले, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला, आणि दर तारखेला तो आपल्या तिकिटाने आमच्यासोबत यायचा. मायनेही मजुरी केली. मला शाळेतून काढायचा विषय मामाने काढला, तेव्हा तिने त्याला जेवू घातलं आणि सांगितलं की कागद वाचायला घरात एक माणूस लागतो. ऑफिसात मिलचा वकील मायला फिरवून फिरवून विचारायचा, नवरा सणासुदीला तरी घेत असेल ना थोडी? माय दर वेळी तेच तीन शब्द सांगायची. लिहिणारा बाबू एकदा वैतागून म्हणाला, बाई, दुसरं काही बोला. ती म्हणाली, दुसरं काही नाही.

निकाल आला तेव्हा पुन्हा पऱ्हे टाकायचे दिवस होते. साहेबांनी वाचून दाखवला. झडप नादुरुस्त होती, मालकास पूर्वसूचना होती, मयताने मद्यप्राशन केल्याचा कोणताही पुरावा नाही. मिलने द्यायची रक्कमही त्यात होती, पुढे तिच्यातूनच माझं नर्सिंग झालं, पण त्या दिवशी ती कोणी ऐकली नाही. मायने मला विचारलं, शेवटचं काय म्हणाले? मी आमच्या बोलीत सांगितलं. तिने मान हलवली. सुकलाल भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या दिवशी मंगरी आणि धाकटे दोघंही सोबत आले होते. परतीच्या गाडीत मंगरीने स्टेशनवर घेतलेले फुटाणे सगळ्यांना वाटले आणि धाकटे दोघं खिडकीसाठी भांडले.

घरी आलो. उन्हं अजून होती. माय ओसरीत टेकली, आणि तिथेच, पायातली चप्पलही न काढता, रडायला लागली. बा गेल्यापासून मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. आवाज लाइनपर्यंत जात असेल. मी घाबरले. जवळ जाऊन काहीतरी बोलावं, तिला गप्प करावं म्हणून पुढे झाले. तोवर मंगरी कुंपण ओलांडून आली होती. ती मायशेजारी भिंतीला टेकून बसली आणि हाताने मला थांबवलं.

"रडू दे तिले," ती म्हणाली. "वरीस झालं, आता कुठं फुरसत भेटली."

मी आत गेले आणि चूल पेटवली.